सामाईक संगणक पुन्हा सुरू करण्याची मुभा

घरातील चारपाच माणसे एकच संगणक वापरू लागली, म्हणजे कारभाऱ्याचा परवलीचा शब्द सर्वांस सांगावा काय? आमचे मत, सांगू नये. त्याच शब्दाने दुसऱ्याची कागदपत्रेही पुसता येतात. परंतु मुभाच न दिली, तर यंत्र अडताच मुले सरळ विजेचे बटण बंद करतात, आणि ते अधिक घातक. जतन केलेला मजकूरही काही क्षण स्मृतीतच असतो, तबकडीवर मागाहून उतरतो. मध्येच वीज गेली की तो गेला. आमच्याकडे एका संध्याकाळचा जमाखर्च असाच बुडाला.

बहुतेक नव्या लिनक्स प्रणालींत यंत्रासमोर एकटाच बसलेला असेल, तर ही परवानगी आपोआप मिळते. दुसऱ्याचे काम उघडे असल्यास मात्र कारभाऱ्याचा शब्द मागितला जातो. तेवढ्यासाठी सुडोअर्स नामक यादीत घरच्यांच्या गटास केवळ 'रीबूट' या आज्ञेची मुभा, तिचा पूर्ण मार्ग देऊन, लिहावी. यादी 'व्हिसूडो' नेच उघडावी. तो चूक आधी दाखवितो, नाहीतर कारभाऱ्यासच दार बंद व्हायचे!

मुभा मिळाली तरी दुसऱ्याचे न जतन केलेले काम वाचत नाही. सबब आधी 'हू' ही आज्ञा देऊन आत कोण आहे ते पाहावे, व त्यास हाक मारावी.