एन्डेव्हरवरची जलरंगचित्रं: कुणी काढली, कुठे रंगवली

कॅप्टन कुकच्या एन्डेव्हर जहाजाच्या सफरीतली (१७६८–७१) फुलापानांची चित्रं पाहिली की वाटतं, चित्रकाराने किनाऱ्यावर बसून, फूल टवटवीत असतानाच ती पुरी केली असणार. काही केलीही. पण सिडनी पार्किन्सन या एडिंबराच्या तरुणाने वनस्पतींची जी नऊशेहून अधिक चित्रं काढली, त्यांतली त्याच्या हातून पूर्ण रंगलेली तीनशेसुद्धा नाहीत.

पार्किन्सन आरमाराच्या नोकरीत होता, हाही गैरसमजच. त्याला नेमलं होतं जोसेफ बँक्स या श्रीमंत निसर्गअभ्यासकाने, पदरच्या पैशाने. देखावे आणि माणसं रंगवायला अलेक्झांडर बकन होता. तो ताहितीत पोहोचताच वारला आणि तेही काम पार्किन्सनच्या गळ्यात पडलं. त्यात ताहितीच्या माश्या कागदावरचा ओला रंगच खाऊन टाकत. टेबल, खुर्ची, चित्र आणि चित्रकार अशा सगळ्यांवर मच्छरदाणी टाकूनही भागेना! पुढे ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर इतक्या नव्या वनस्पती हाती आल्या की त्याने चौदा दिवसांत ९४ रेखाटनं केली. पूर्ण रंगवायला वेळ कुठला? एखादं पान, एखादी पाकळी रंगवायची, बाकीच्या छटा कागदामागे लिहून ठेवायच्या. जानेवारी १७७१ मध्ये, परतीच्या वाटेवर, हगवणीने तो गेला. त्या नोंदी आणि वाळवलेले नमुने समोर ठेवून लंडनमध्ये पाच चित्रकारांनी उरलेलं काम केलं. म्हणून अमुक पानाचा हिरवा रंग 'प्रत्यक्ष पाहून' दिला आहे असं बेधडक म्हणू नये.

ही चित्रं लगेच प्रसिद्ध झाली, असंही नाही. बँक्सने सातशेहून अधिक ताम्रपट कोरून घेतले, पण ग्रंथ काही निघाला नाही. रंगीत आवृत्ती निघाली ती १९८० च्या दशकात.

सगळ्यात चिवट गैरसमज म्हणजे जहाजावरचे सगळे कुंचले युरोपीय हातांत होते. या सफरीतल्या चित्रांत एक साधंसं जलरंगचित्र आहे: एक माओरी माणूस दोरीला बांधलेली शेवंड इंग्रजाला देतो आहे. हे खुद्द बँक्सनेच काढलं असावं, असा अभ्यासकांचा बराच काळ तर्क होता. १९९७ मध्ये बँक्सचं १८१२ चं एक पत्र प्रकाशात आलं आणि उलगडा झाला. चित्र तुपायाचं होतं. रायआतेआ बेटावरचा हा पुरोहित आणि दर्यावर्दी १७६९ मध्ये ताहितीहून जहाजावर चढला होता. दुभाषा म्हणून त्याचं नाव घेतलं जाई, चित्रकार म्हणून नाही. १७७० च्या अखेरीस बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, त्याचाही अंत झाला.

शेवंडीच्या बदल्यात आपण खिळा दिला, असं बँक्स पत्रात सांगतो. चित्रातल्या इंग्रजाच्या हातात मात्र कापडासारखं काहीतरी दिसतं. चाळीस वर्षांनंतरच्या आठवणीपेक्षा मी तुपायाच्या कुंचल्यावर विश्वास ठेवीन.