स्वातंत्र्याचे ऋण आणि घरची कणगी

श्रावणसरी येऊन जात असतात, भाताची आवणी उरकलेली असते, खाचरांत पाणी स्थिरावलेले असते. अशा वेळी पंधरा ऑगस्टचा दिवस येतो. शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतील पाड्यापाड्यांवर त्या दिवशी शाळेच्या अंगणात झेंडा फडकतो. मुले प्रभातफेरी काढतात आणि वडीलधारी मंडळी छत्री मिटवून झेंड्यास वंदन करतात. ज्यांनी देशासाठी प्राण वेचले त्यांचे ऋण मान्य करण्याचा हा दिवस होय. परंतु ऋण मान्य करणे आणि ते फेडणे यांत अंतर आहे. शेतकऱ्याने ते कोणत्या मार्गाने फेडावे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

काही वर्षांपूर्वी या दिवशी मी शहापूर तालुक्यातील एका पाड्यावर होतो. झेंडावंदनानंतर भातास नत्राचा दुसरा हप्ता फुटवे येण्याच्या वेळी द्यावा, हे मी जमलेल्या मंडळींस समजावून सांगितले. सर्व जण पांगल्यावर एक गृहस्थ मागे राहिले. ते म्हणाले, "साहेब, खताचे तुम्ही सांगता ते खरे. पण पोराच्या दुखण्यात आणि आवणीच्या खर्चात मी भट्टीवाल्याकडून उचल घेतली आहे. दिवाळी झाली की बायकापोरांसह वीटभट्टीवर जावे लागेल. मग बियाणे निवडायला आणि राखायला घरी राहणार कोण?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला, शिधावाटप दुकानातून धान्य मिळू लागले. त्यामुळे पूर्वीसारखी उपासमार राहिली नाही, हे खरे. तथापि बियाणे, मजुरी आणि औषधपाणी यांची गरज नेमकी पावसाळ्यातच निर्माण होते आणि त्याच वेळी घरची कणगी रिकामी असते. किन्हवली-सरळगावच्या रस्त्याने मुरबाडकडे परतताना हाच विचार मनात घोळत होता. मुरबाड तालुका म्हटला की सिद्धगडाचे स्मरण होते आणि सिद्धगडाबरोबर भाई कोतवालांचे.

विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले. १९४२ च्या चळवळीत त्यांनी आझाद दस्ता उभारला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडून परकीय सत्तेस हादरा दिला. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना वीरमरण आले. आजही दरवर्षी त्या दिवशी लोक सिद्धगडी जमून त्यांस अभिवादन करतात.

ही हकीकत पुष्कळांस ठाऊक आहे. मात्र मनोरे पाडण्यापूर्वी या तरुण वकिलाने कर्जत भागात शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या सुरू केल्या होत्या, हे फारसे कोणी सांगत नाही. सावकाराच्या दारात उभा असलेला कुणबी देश स्वतंत्र झाला तरी स्वतः स्वतंत्र होणार नाही, हे त्यांनी ओळखले असले पाहिजे.

सावकारी धान्याचा हिशेब सर्वांस परिचित आहे. आषाढात ४० किलो भात उसने घेतले तर सुगीला सवाईने ५० किलो, दिढीने ६० किलो आणि दुपटीने ८० किलो परत द्यावे लागते. शिवाय उसने घेताना भाव चढलेला असतो व परत करताना उतरलेला असतो. अशा रीतीने पुढील वर्षाची टंचाई चालू वर्षाच्या खळ्यावरच सुरू होते.

स्वातंत्र्याची एकेक पायरी या ठाणे जिल्ह्यात कष्टाने चढली गेली आहे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली आणि त्यानंतर जिल्ह्याच्या आदिवासी भागात वेठबिगारीविरुद्ध मोठा लढा झाला. १९४८ साली कूळकायदा आला. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कुळांस जमिनीचे मालक होण्याचा मार्ग खुला झाला. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली आणि तिच्यापोटीचे कर्जही फेडण्याचे बंधन उरले नाही. उचलीपायी कोणास भट्टीवर अडवून ठेवले असेल, तर गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ते तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी यांच्या कानावर अवश्य घालावे.

कायद्याने करावयाचे ते कायदा करील. गावाने करावयाचे काम मात्र गावालाच करावे लागेल, आणि त्यास धान्यकोठीपासून आरंभ करता येतो. समजा, पंधरा कुटुंबांनी झोडणीनंतर प्रत्येकी ४० किलो भात एकत्र केले, तर ६०० किलोंची कोठी उभी राहते. बचत गटाने तिची वही ठेवावी. ज्येष्ठ-आषाढात गरजूंस धान्य द्यावे व सुगीला ते थोड्या वाढीसह परत घ्यावे. ही वाढ सावकाराकडे न जाता कोठीतच राहते. साठवणीचे भात दाताखाली कट्कन तुटेपर्यंत, म्हणजे ओलावा सुमारे १२ टक्के राहीपर्यंत वाळवावे. कणगी शेणाने सारवून फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावी.

बियाण्याचेही तसेच आहे. कर्जत-३ सारख्या सुधारित जातीचे बी घरी राखता येते. संकरित भाताचे मात्र दरवर्षी नवे विकत घ्यावे लागते. कापणीपूर्वी उभ्या पिकातील भेसळ काढून टाकावी, चांगल्या लोंब्या निवडाव्यात आणि त्यांचे बी वेगळे वाळवून ठेवावे. पेरणीपूर्वी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओतावे. तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत. तळाचे दाणे दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावेत. एकरी १५ ते २० किलो बी पुरते. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचे निवडलेले बी कोठीत नावानिशी ठेवले, तर मृगापूर्वी परतताच ते त्यांच्या हाती पडेल.

एका कोठीने सारी उचल थांबेल, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. औषधपाण्याची आणि लग्नकार्याची गरज तिच्याने भागणार नाही. परंतु धान्यासाठी व बियाण्यासाठी काढावे लागणारे पहिले कर्ज ती निश्चित टाळू शकेल, आणि भट्टीची वाट बहुधा त्या पहिल्या कर्जापासूनच सुरू होते.

त्या गृहस्थांस त्या दिवशी मी एवढेच म्हणालो, "या खेपेस तुम्ही जाण्यापूर्वी बी आपण मिळून निवडू." दिवाळीआधी आम्ही त्यांच्या खाचरात उतरलो व दोन पायल्या बी निवडले. शेजारच्या एका आजीने ते आपल्या कणगीत ठेवून घेतले. पुढील ज्येष्ठात ते कुटुंब परत आले, तेव्हा बी जसेच्या तसे होते. त्या वर्षी त्यांनी बियाण्यासाठी कोणापुढे हात पसरला नाही.

ग्रामकार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधुभगिनींनी यंदा झेंडावंदन झाल्यावर घटकाभर त्याच अंगणात बसावे. आपल्या पाड्यावर कोणाच्या कणगीत किती धान्य उरले आहे आणि कोणी कोणाकडून उचल घेतली आहे, याची मोकळेपणाने विचारपूस करावी. कोठीसाठी पंधरा घरे मिळाली नाहीत, तर पाच घरांनी आरंभ करावा. सिद्धगडच्या हुतात्म्यांचे ऋण फेडण्यास याहून जवळचा मार्ग मला तरी दिसत नाही.