मातीतले औषध

मुलांनो, पहिला पाऊस पडला की मातीचा सुगंध दरवळतो. कनौजचे अत्तरवाले तोच सुगंध कुपीत भरून 'मिट्टीचे अत्तर' म्हणून विकतात. मातीत स्ट्रेप्टोमायसिस नावाचे अतिशय बारीक जिवाणू राहतात. हा वास मुख्यतः त्यांच्यामुळे येतो. हेच जिवाणू आणखीही एक काम करतात.

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कापसाच्या शेतात तुरीच्या ओळी तुम्ही पाहिल्या असतील. शेंगा भरायच्या वेळी एखादे हिरवेगार झाड सुकू लागते. जमिनीत ओल असूनही ते वाळून जाते. शेतकरी म्हणतात, "मर लागली." त्या झाडाचे खोड उभे चिरले, तर आत काळपट रेघा दिसतात. फ्युजेरियम नावाची बुरशी मुळांतून आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद करते. बुरशी म्हणजे आपण उर्दूत जिला फफूंद म्हणतो तीच.

मातीत जागा थोडी आणि अन्नही थोडे. म्हणून काही जिवाणू आपल्याभोवती बुरशीला मारणारा पदार्थ सोडतात. हा पदार्थ वेगळा काढता येईल का?

पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तो पेनिसिलिन बनवण्यासाठी होता. पेनिसिलिन हे बुरशीपासून मिळणारे, जिवाणूंना मारणारे औषध. गंमत अशी की, त्याच कारखान्यात नेमका उलटा शोधही लागला! तेथे डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी मातीतले जिवाणू तपासत असत. एका जिवाणूला तर त्यांनी गावावरून 'स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना' असे नाव दिले. त्याच्यापासून माणसांच्या बुरशीरोगांवरचे हॅमायसिन मिळाले. पुढे १९६४ साली दुसऱ्या एका स्ट्रेप्टोमायसिसपासून ऑरिओफंजिन मिळाले. हे पिवळ्या रंगाचे औषध पिकांसाठी होते. भातावरचा करपा, द्राक्षावरची भुरी अशा रोगांवर ते वापरले गेले.

ते काम कसे करते? बुरशीच्या पेशीभोवती पातळ पडदा असतो. त्यात अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. औषध त्याला जाऊन चिकटते. पडद्याला भोके पडतात, आतले क्षार बाहेर गळतात आणि बुरशी मरते. झाडाच्या पेशीत अर्गोस्टेरॉलऐवजी दुसरेच पदार्थ असतात. म्हणून योग्य प्रमाणात दिले, तर झाड वाचते. मात्र अशी औषधे उन्हात टिकत नाहीत.

म्हणून दुसरी युक्ती निघाली. औषध वेगळे न काढता जिवंत जिवाणूच शेतात सोडायचे! बॅसिलस व स्युडोमोनास या जिवाणूंची पूड पेरणीपूर्वी बियाण्याला चोळतात. बी रुजले की जिवाणू मुळांभोवती वाढतात आणि तेथेच आपले औषध तयार करतात. मर लागलेले झाड यामुळे पुन्हा हिरवे होत नाही. म्हणूनच हा उपाय पेरणीच्या आधी करायचा असतो.

ही पूड जिवंत असते. जुनी झाली किंवा कडक उन्हात राहिली, तर तिच्यातले जिवाणू मरतात आणि पैसे वाया जातात. तुमच्या घरी शेती असेल, तर अब्बांनी आणलेली पुडी एकदा हातात घ्या. तिच्यावरचा मजकूर बहुधा मराठीत असतो. त्यातली तारीख त्यांना वाचून दाखवा.