आठ हात, एक टेबल

पोस्टग्रेस्क्यूएलचा बॅकअप परत भरताना पूर्वी एकच प्रक्रिया राबायची. २००९ च्या ८.४ आवृत्तीत बॅकअप परत भरणाऱ्या पीजी-रिस्टोअर या साधनाला एकाच वेळी अनेक प्रक्रिया चालवता येऊ लागल्या. साध्या एसक्यूएल फाइलला मात्र ही सोय नाही.

खरी गुंतागुंत डेटा भरून झाल्यावर सुरू होते. फॉरेन की जोडताना दोन्ही टेबलांना लॉक लागतं. दोन प्रक्रिया तिथे समोरासमोर आल्या, तर एकमेकींची वाट पाहत अडकतील. म्हणून मुख्य प्रक्रिया काम सोपवण्याआधीच लॉकची टक्कर तपासते. पीजी-रिस्टोअरच्या कोडमधली ही सर्वांत देखणी जागा!

वेग वाढत नसेल, तर आधी सर्वांत मोठं टेबल पाहावं. एका टेबलाचा डेटा एकच प्रक्रिया भरते. आठ प्रक्रिया लावल्या असतील, तर बाकीच्या सात तोवर रिकाम्या बसू शकतात.