ओपल घेताय? आधी त्याची कड बघा!

मुलांनो, मृगाचा पाऊस पडून गेला की चांदूर रेल्वेच्या आसपास शेताच्या धुऱ्यावर पांढरे, चकचकीत दगड धुऊन वर आलेले दिसतात. त्यांना आपण गारगोट्या म्हणतो. अंधारात दोन गारगोट्या घासून ठिणगी पाहायचा खेळ तुमच्या आईबाबांनीही खेळलेला असेल. या गारगोटीचं एक नातलग थेट दागिन्यांत जाऊन बसलंय, बरं का! त्याचं नाव ओपल. हा शब्द आपल्या संस्कृतमधल्या ‘उपल’ या शब्दावरून आला, असं अनेक अभ्यासक मानतात. उपल म्हणजे दगड.

गारगोटी आणि ओपल, दोन्ही सिलिकाचेच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. त्याच्या पोकळ्यांत सिलिका मिसळलेलं पाणी झिरपलं आणि तिथं गारगोट्या, अकीक असे दगड साचले. ओपलमध्ये मात्र सिलिकाबरोबर पाणीही अडकून राहतं. शंभर भागांत साधारण तीन ते दहा भाग!

‘मग आमच्या वावरात ओपल सापडेल का?’ असं विचाराल. दख्खनच्या पाषाणात सापडलाच तर तो साधा, दुधाळ ओपल. दागिन्यांतला रंगीत ओपल येतो मुख्यतः ऑस्ट्रेलिया आणि इथिओपियातून. ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडी इथला ओपल तर १९१५ साली विली हचिसन या १४ वर्षांच्या मुलाला सापडला. वडिलांबरोबर तो गेला होता सोनं शोधायला!

ओपलमध्ये रंग येतो कुठून? हे कोडं १९६४ साली ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या मदतीनं सोडवलं. ओपलच्या आत सिलिकाचे बारीक गोळे असतात. मिलिमीटरचे दहा हजार भाग केले, तर त्यातल्या दीड ते तीन भागांएवढे! हे गोळे दुकानात रचलेल्या लाडवांसारखे ओळीनं बसले की त्यांच्यातून जाताना प्रकाशाचे रंग वेगळे होतात. लहान गोळे निळा रंग दाखवतात, मोठे गोळे लाल. मोठे गोळे नीट रचलेले क्वचितच मिळतात, म्हणून लाल चमकेचा ओपल महाग. साध्या ओपलमध्ये ही रचनाच विस्कटलेली असते.

आता कामाची गोष्ट. कापसाचे पैसे हाती आले की घरात एखादा दागिना होतो. आई ओपलची कुडी घ्यायला निघाली, तर तुम्हीही बरोबर जा आणि चार गोष्टी बघा.

१. खडा उजेडात फिरवा. दुकानातल्या दिव्याखाली सगळंच चमकतं. खडा दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात फिरवा. प्रत्येक बाजूनं रंग दिसतो, की मध्येच तो मेल्यासारखा होतो? काळपट ओपलवर रंग जास्त खुलतात, म्हणून त्याला मान मोठा.

२. कड बघा. ओपलची पातळ चकती काळ्या तुकड्यावर चिकटवली की झालं ‘डबलेट’; वरून काचेचं टोपण बसवलं की ‘ट्रिपलेट’. कडेला सरळ रेघ दिसली तर सावध व्हा. मागून बंद असलेल्या कोंदणात ही रेघ लपते. म्हणून खडा बसवण्याआधी, सुटाच बघायला मागा.

३. तडे शोधा. आतलं पाणी सुकलं की काही ओपलना कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात. खडा उजेडासमोर धरून बघा.

४. नक्षी बघा. सापाच्या कातडीसारखी एकसारखी नक्षी असेल, तर खडा कारखान्यातला असू शकतो.

पण खडा पाण्यात टाकून परीक्षा घेऊ नका! इथिओपियातले बरेच ओपल पाणी शोषतात आणि त्यांचे रंग काही काळ नाहीसेच होतात. तेल-अत्तर मुरलं तर खडा कायमचा पिवळटही पडू शकतो. डबलेटच्या चिकटव्यालाही पाणी बाधतं.

आईबाबांसाठी दोन शब्द. ओपल गारगोटीपेक्षा मऊ असतो, आणि आपल्या धुळीत गारगोटीचेच कण असतात. म्हणून रोज भांडी घासणाऱ्या हातात ओपलची अंगठी टिकायची नाही. कुडी किंवा पदक बरं. सोनाराला जोडकाम आधी आणि खडा शेवटी बसवायला सांगा, कारण आचेनं ओपल तडकतो. दागिना वैशाखातल्या उन्हात ठेवू नका आणि मऊ, ओलसर फडक्यानंच पुसा.

डबलेट वाईट असतं असं नाही हं! कमी पैशांत तेही सुंदर दिसतं. फक्त डबलेट म्हणून विकावं आणि त्याच भावानं विकावं. म्हणून ‘नैसर्गिक, अखंड ओपल’ की ‘डबलेट’, हे वजनासकट पावतीवर लिहून मागा. खडा महागडा असेल तर रत्नं तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा दाखला मागा. प्रामाणिक सराफ आनंदानं देईल. आणि कोणी ‘पोरांना काय कळतं?’ म्हणालं, तर विलीची गोष्ट सांगा!