विझलेल्या भट्ट्यांचा हिशेब

३० सप्टेंबर २०२४ या एकाच दिवशी ब्रिटनमध्ये दोन अग्नी शांत झाले. नॉटिंगहॅमशायरमधील रॅटक्लिफ-ऑन-सोर येथील औष्णिक विद्युत केंद्र बंद पडले आणि कोळशापासून वीज निर्माण करण्याचा त्या देशाचा १४२ वर्षांचा अध्याय संपला. त्याच दिवशी दक्षिण वेल्समधील पोर्ट टॅल्बट येथे टाटा स्टील कंपनीची अखेरची झोतभट्टी विझवण्यात आली. पहिल्या घटनेचे जगभर कौतुक झाले; दुसरीच्या वाट्याला अश्रू आले. कर्बवायूच्या उत्सर्जनाच्या दृष्टीने पाहता दोन्ही घटना एकाच जातीच्या होत्या. मग एकीला सोहळ्याचे रूप आणि दुसरीला सुतकाचे, असे का व्हावे?

रॅटक्लिफची गोष्ट आधी पाहू. लंडनच्या होलबर्न व्हायाडक्टवर १८८२ मध्ये एडिसनच्या कंपनीने कोळशावर चालणारे पहिले सार्वजनिक वीजघर उभारले, तेव्हापासून कोळसा हा ब्रिटनच्या वैभवाचा पाया होता. २०१२ मध्येही तेथील विजेपैकी सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. तेथून शून्यापर्यंत यायला अवघी १२ वर्षे लागली. ही काही जादू नव्हे. २००८ च्या हवामानबदल कायद्याने सरकारलाच उत्सर्जनाच्या पंचवार्षिक मर्यादांनी बांधून घेतले आणि त्यावर लक्ष ठेवण्यास स्वतंत्र समिती नेमली. २०१३ पासून वीजकेंद्रांनी सोडलेल्या कर्बवायूला किमान किंमत लावण्यात आली. २०१५ मध्ये त्यासाठीचा कर टनामागे १८ पौंडांपर्यंत गेला आणि जुनाट केंद्रे चालवणे हाच तोट्याचा धंदा ठरला. समुद्रातील पवनचक्क्यांच्या विजेला ठराविक दराची दीर्घ मुदतीची हमी मिळाली. नोव्हेंबर २०१५ मध्ये सरकारने कोळशाच्या विजेला २०२५ ही अखेरची मुदत दिली व पुढे ती एक वर्ष अलीकडे ओढली. कायदा, किंमत, पर्याय आणि तारीख या चारही गोष्टी जागेवर होत्या. २१ एप्रिल २०१७ रोजी कोळशाच्या विजेवाचूनचा पहिला पूर्ण दिवस उजाडला आणि मावळला, पण कुणाच्या घरातला दिवा गेला नाही.

या यशाला एक काळी किनार आहे. खाण कामगारांचा कणा त्याआधीच, १९८४-८५ च्या वर्षभराच्या संपात मोडला होता, आणि तो पर्यावरणासाठी मोडलेला नव्हता. नॉटिंगहॅमशायरच्या बहुसंख्य खाणकामगारांनी त्या संपात भाग घेतला नाही; तरीही त्यांच्या खाणी काही वाचल्या नाहीत. ब्रिटनची अखेरची खोल कोळसाखाण, यॉर्कशायरची केलिंग्ली, डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली. म्हणजे कोळशाची वीज थांबवण्याचा निर्णय झाला तेव्हा त्याला विरोध करणारे फारसे कुणी उरलेच नव्हते. ब्रिटनच्या संक्रमणाचे गोडवे गाणारे हा भाग बहुधा गाळतात. शिवाय ड्रॅक्स येथील महाकाय केंद्र कोळसा सोडून अमेरिकेतून आणलेल्या लाकडाच्या गोळ्या जाळते आणि त्याच्या धुराड्यातून निघणारा कर्बवायू ब्रिटनच्या हिशेबात शून्य धरला जातो. तोडलेले झाड जेथे तुटले त्या देशाच्या खात्यावर मांडायचे, असा तो नियम आहे! धूर मात्र नियम वाचून वर जात नाही.

आता पोर्ट टॅल्बट. विजेला पर्याय असतात. पोलादाचे तसे नाही. झोतभट्टीत कोळशापासून केलेला कोक केवळ उष्णतेसाठी जळत नाही. लोहखनिजातील प्राणवायू ओढून घेण्याचे रासायनिक कामही तोच करतो. म्हणूनच या पद्धतीत टनभर पोलादामागे सुमारे दोन टन कर्बवायू निघतो. पोर्ट टॅल्बट हा ब्रिटनमधील सर्वांत मोठा एकस्थानी उत्सर्जक होता, तो यामुळेच. त्याच्या जागी भंगार वितळवणारी ३० लाख टन क्षमतेची विद्युत भट्टी येणार आहे. खर्च सव्वाशे कोटी पौंड, त्यांपैकी ५० कोटी सरकारचे. आपल्याकडे निपजणारे बहुतांश भंगार ब्रिटन आजवर परदेशी पाठवत आला आहे. तेव्हा योजना तर्काला धरून आहे, हे मान्य केले पाहिजे.

दोष आहे तो वेळेच्या गणितात. झोतभट्ट्या २०२४ मध्ये विझल्या. नव्या भट्टीच्या बांधकामास जुलै २०२५ मध्ये प्रारंभ झाला आणि ती पेटायला २०२७ ची अखेर किंवा २०२८ उजाडेल, असा अंदाज आहे. मधल्या काळात परदेशांतून पोलादाच्या लाद्या आणून तेथे लाटल्या जात आहेत. एक झोतभट्टी तोवर चालू ठेवावी, ही कामगार संघटनांची सूचना खर्चाच्या कारणाने नाकारण्यात आली. कंपनीला रोज सुमारे दहा लाख पौंडांचा तोटा होत होता, हेही खरे. पण रॅटक्लिफच्या कामगारांना नऊ वर्षे आधी कळले होते. वेल्समधील पोलाद कामगारांना झोतभट्ट्या विझण्याची निश्चित वार्ता जानेवारी २०२४ मध्ये मिळाली. कंपनीने त्या वेळी सुमारे २८०० नोकऱ्या जाणार असे जाहीर केले, त्यांतील बहुसंख्य एकट्या पोर्ट टॅल्बटच्या. एका मुलखाला नऊ वर्षांची सवड आणि दुसऱ्याला नऊ महिनेही नाहीत. सोहळा आणि सुतक यांतला फरक मुख्यतः एवढाच आहे.

या कथेचा उत्तरार्ध मात्र आपल्या देशात आहे. पोर्ट टॅल्बटची भट्टी विझण्याच्या दहा दिवस आधी, २० सप्टेंबर २०२४ रोजी, त्याच कंपनीने ओडिशातील कलिंगनगर येथे भारतातील सर्वांत मोठी झोतभट्टी पेटवली. तेथील कारखान्याची क्षमता ३० लाखांवरून ८० लाख टनांवर नेणाऱ्या विस्ताराचा ती भाग होती. यात कुणी कट-कारस्थान पाहू नये. भारतात माणशी पोलादाचा वापर वर्षाला सुमारे १०० किलो, तर जगाची सरासरी २०० किलोंहून अधिक आहे. ज्या देशात पूल, रेल्वे, घरे अजून बांधायचीच आहेत, तेथे वितळवायला भंगार आणायचे कोठून? पण वेल्समध्ये थांबलेला धूर आणि ओडिशात सुरू झालेला धूर एकाच आकाशात जातो. आंतरराष्ट्रीय हिशेब सरहद्दीनुसार मांडला जातो. वस्तू कोण वापरतो याला त्यात स्थान नाही. १९९० च्या तुलनेत ब्रिटनचे उत्सर्जन जवळजवळ निम्म्यावर आले, हे सत्य आहे. आयात मालातील उत्सर्जन त्या खात्यात धरले जात नाही, हेही तितकेच सत्य आहे.

युरोपीय संघाने यावर शोधलेला उतारा म्हणजे सीमेवरचा कार्बन आकार. १ जानेवारी २०२६ पासून तो प्रत्यक्षात आला असून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते असा माल त्याच्या कक्षेत येतो. तो आमच्यावर अन्याय करणारा आहे, ही भारताची तक्रार निराधार नाही. दीडशे वर्षे धूर ओकून श्रीमंत झालेल्यांनी उंबरठ्यावर जकात नाका उभारावा, हे कुणालाही खटकेल. परंतु तक्रारीने झोतभट्टीचे आयुष्य कमी होत नाही. एकदा पेटवलेली भट्टी पंधरा-वीस वर्षे अखंड चालते; आज पेटलेल्या भट्ट्या २०४० पर्यंतचे आपले धोरण आजच ठरवून टाकतात.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे भारताने २०७० हे निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वर्ष जाहीर केले. त्याच परिषदेत कोळसा ‘बंद करणे’ऐवजी ‘कमी करणे’ अशी शब्दयोजना भारताच्या आग्रहाने झाली आणि ब्रिटिश अध्यक्ष आलोक शर्मा यांचा कंठ भर सभेत दाटून आला. शब्द बदलला हे योग्यच झाले. देशाची सुमारे तीन चतुर्थांश वीज तेव्हा कोळशाची होती. पण ‘कमी करणे’ म्हणजे कोठे, केव्हा आणि किती, हे सांगण्याची जबाबदारी त्यामुळे टळत नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०३० पर्यंत एकही औष्णिक संच निवृत्त करू नये, असे वीजकंपन्यांना कळवले. मागणी पाहता तेही समजण्याजोगे. त्यापुढचे वेळापत्रक मात्र कोणत्याच गावाच्या हाती नाही.

चंद्रपूरच घ्या. २९२० मेगावॉटचे वीजकेंद्र आणि भोवतीच्या खाणी यांवर पोसलेले हे शहर उन्हाळ्यात तापते आणि बारमाही राखेने माखते. तेथे कायम नोकरीत असलेल्याला निवृत्तिवेतनाचा आधार आहे. खाणीवरचा कंत्राटी कामगार, कोळशाच्या ट्रकवरचा चालक, वीजकेंद्राच्या फाटकासमोरचा टपरीवाला यांची नावे कोणत्याही पुनर्वसनाच्या यादीत यायची तर आधी ती यादी कुणीतरी करावी लागेल. रॅटक्लिफला तारीख नऊ वर्षे आधी मिळाली होती. चंद्रपूरच्या संचांची आयुष्ये सरकारदफ्तरी नोंदलेली आहेतच. त्यांवरून तारखा काढायला परदेशी तज्ज्ञांची गरज नाही.