स्वस्त औषध मांजराच्या जिवावर बेतू नये
पिसवा व जंतांवरील जेनेरिक औषधे ऑनलाइन मागविताना काय पाहावे?

प्रतिनिधी
पुणे - मांजराच्या अंगावरील पिसवा आणि पोटातील जंत यांवरची औषधे आता घरबसल्या मागविता येतात. नामांकित कंपनीच्या औषधाशेजारीच तोच घटक असलेले जेनेरिक औषध बऱ्याच कमी किमतीत दिसते. स्वस्त औषध गुणकारी असेल का, हा ग्राहकाच्या मनात येणारा पहिला प्रश्न. मात्र ते औषध कोणत्या प्राण्यासाठी बनविले आहे, त्यात कोणता घटक किती आहे आणि ते कोण विकत आहे, हे तीन प्रश्न त्याहून महत्त्वाचे आहेत. त्यांची उत्तरे न शोधता केलेली खरेदी मांजराच्या जिवावर बेतू शकते.

जेनेरिक म्हणजे दुय्यम नव्हे
पिसवांवरील ‘फिप्रोनिल’ किंवा जंतांवरील ‘प्राझिक्वान्टेल’ आणि ‘पायरँटेल’ हे जुने, परिचित घटक आहेत. त्यांच्या मूळ पेटंटची मुदत संपली असल्याने अनेक कंपन्या त्यांची निर्मिती करतात. घटक, प्रमाण आणि निर्मितीचा दर्जा योग्य असेल, तर जेनेरिक औषध वापरण्यास हरकत नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२५ मध्ये पशुधन आरोग्य कार्यक्रमात ‘पशु औषधी’ हा नवा घटक समाविष्ट करून जनावरांसाठी स्वस्त जेनेरिक औषधांकरिता ७५ कोटी रुपयांची तरतूद केली, ती याच विचारातून.

कुत्र्याचे औषध, मांजराला विष
खरी गफलत होते ती येथे. कुत्र्यांच्या पिसवा व गोचिडांवरील काही औषधांत ‘परमेथ्रिन’ हा घटक असतो. मानेवर टाकायच्या काही थेंबांत त्याचे प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत असते. कुत्र्याचे यकृत तो घटक निकामी करून शरीराबाहेर टाकते. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारी यंत्रणा अतिशय दुबळी असते. माणसाची साधी पॅरासिटामॉलची गोळीही मांजराला घातक ठरते, त्यामागेही हीच उणीव आहे.

परमेथ्रिनची बाधा झालेल्या मांजराच्या तोंडातून लाळ गळते, अंग थरथरते, तोल जातो आणि झटके येतात. ही लक्षणे बहुधा काही तासांत दिसतात. क्वचित अधिक वेळही लागतो. यावर नेमका उतारा नाही. झटके आटोक्यात ठेवून उपचार करावे लागतात. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील, तर कुत्र्याच्या अंगावरील औषध वाळेपर्यंत मांजराला त्याच्यापासून दूर ठेवणे आवश्यक आहे.

मोठ्या कुत्र्यासाठीची फिप्रोनिलची पिपेट घेऊन ती दोन-तीन मांजरांत वाटण्याची क्लृप्तीही काही जण लढवितात. मांजरासाठीच्या पिपेटमध्ये साधारण अर्धा मिलिलिटर औषध असते, तर मोठ्या कुत्र्याच्या पिपेटमध्ये त्याच्या अनेक पट. अंदाजाने मोजताना मात्रा चुकते. शिवाय कुत्र्याच्या औषधात फिप्रोनिलसोबत परमेथ्रिनही मिसळलेले असू शकते.

गाई-म्हशींसाठीच्या ‘आयव्हरमेक्टिन’ इंजेक्शनची गोष्ट तशीच. एक टक्का तीव्रतेच्या या औषधाची १ मिलिलिटर मात्रा ५० किलो वजनाच्या जनावरासाठी असते. तीन-चार किलोच्या मांजराला ते घरी मोजून देणे म्हणजे जिवाशी खेळच.

पिसवा आणि जंत: एकच साखळी
मांजराच्या गुदद्वाराजवळ किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, तर ते बहुधा पट्टकृमीचे असतात. या कृमीची अळी पिसवेच्या पोटात वाढते. अंग चाटताना मांजर पिसू गिळते आणि जंत पोटात जातो. त्यामुळे केवळ जंतांची गोळी देऊन भागत नाही. पिसवा राहिल्या की जंत पुन्हा होतात. पिसवांची अंडी, अळ्या आणि कोष बहुतांशी गालिचे, गाद्या व फरशीच्या फटींत असतात. तेथील स्वच्छता न केल्यास ‘औषध बनावट निघाले’ असा समज होतो आणि मालक आणखी तीव्र औषधाकडे वळतो.

कायदा काय सांगतो?
औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० नुसार प्राण्यांसाठीचे औषध हेही ‘औषध’च आहे. त्याच्या विक्रीसाठी परवाना लागतो. वेष्टनावर ‘माणसांसाठी नाही, केवळ प्राण्यांच्या उपचारासाठी’ अशा अर्थाची सूचना आणि पाळीव जनावराच्या डोक्याचे चिन्ह असणे नियमाने बंधनकारक आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१८ रोजी विनापरवाना ऑनलाइन औषधविक्रीस मनाई केली. त्याआधी, २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘स्नॅपडील’ या संकेतस्थळावरून होणाऱ्या औषधविक्रीविरुद्ध कारवाई केली होती. सदाशिव पेठेतील औषध बाजारात बिलावर परवाना क्रमांक मागणारा ग्राहक ऑनलाइन खरेदीतही तो मागू शकतो.

मागविण्यापूर्वी एवढे पाहा
- वेष्टनावर ‘मांजरांसाठी’ असा स्पष्ट उल्लेख आहे का? केवळ ‘पाळीव प्राण्यांसाठी’ एवढ्यावर विसंबू नका.
- घटकाचे नाव व प्रमाण छापले आहे का? परमेथ्रिन किंवा अमिट्राझ असल्यास मांजरासाठी घेऊ नका.
- मांजराचे वजन आणि वय औषधावरील मर्यादेत बसते का? पिल्लांसाठी आणि गाभण मांजरांसाठी पशुवैद्यकाला विचारूनच औषध निवडा.
- निर्मात्याचा पत्ता, उत्पादन परवाना, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख आहे का? सुट्या, वेष्टनाविना आलेल्या पिपेट परत करा.
- विक्रेत्याच्या बिलावर परवाना क्रमांक आहे का?

चुकून कुत्र्याचे औषध लावले गेल्यास लक्षणांची वाट पाहू नये. भांडी धुण्याच्या सौम्य द्रवाने आणि कोमट पाण्याने मांजराची त्वचा धुवावी, अंग कोरडे करून ऊब द्यावी आणि औषधाचे वेष्टन सोबत घेऊन तातडीने पशुवैद्यक गाठावा. थरथर किंवा झटके सुरू झाले असतील, तर धुण्यात वेळ न दवडता थेट दवाखान्यात न्यावे. घरगुती उपायांनी उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये.

मांजराचे वजन करून पशुवैद्यकाकडून घटकाचे नाव आणि मात्रा एकदा लिहून घेतली, की त्या घटकाचे जेनेरिक औषध परवानाधारक विक्रेत्याकडून निर्धास्तपणे घेता येते. त्यात पैसेही वाचतात आणि मांजरही सुरक्षित राहते.